घाणा, कचेरी, उल्पान : बेने इस्राएलांच्या तीन भाषा

जुन्या पनवेलमध्ये बेथ एल नावाचे ज्यू प्रार्थनास्थळ आहे. १८४९ साली ते उभे राहिले. रेवदंडा आणि अलिबाग इथली प्रार्थनास्थळे त्याच्या आधीची, पेणचे १८६३ चे. ही वास्तू ज्यांनी बांधली ते बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले ज्यू, तिला पिढ्यान्‌पिढ्या ‘मशीद’च म्हणत आले, सिनेगॉग हा शब्द त्यांच्या बोलण्यात फार उशिरा आला. आत तोरा हा धर्मग्रंथ हिब्रूत वाचला जाई आणि उंबरठा ओलांडला की बोलणे मराठीत. विकणे, भांडणे, लेकराला जोजवणे, मेलेल्या माणसासाठी रडणे, सगळे मराठीत. आज त्याच घराण्यांची नातवंडे-पणतवंडे इस्राएलमधल्या दिमोना, बीरशेबा, अश्दोद, लोद अशा गावांत राहतात आणि हिब्रूत बोलतात. मुंबईत राहिलेल्यांपैकी पुष्कळ घरांत मुलांचे शिक्षण आणि व्यवहार इंग्रजीत चालतो.

एवढ्याशा समाजाने भाषेचे तीन मोठे बदल पाहिले. पहिला बदल इतका संथ होता की तो केव्हा झाला हे सांगता येत नाही. दुसऱ्याला शंभरएक वर्षे लागली. तिसरा वीस-पंचवीस वर्षांत आटोपला. स्थलांतर करून आलेल्या माणसांत एखादी भाषा वरचढ कशी होते, हा प्रश्न निघाला की आपण लगेच अमेरिकेकडे पाहतो. पण ती सारी प्रक्रिया रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर आणि तिथून निघालेल्या माणसांच्या आयुष्यात उलगडलेली आहे.

समाजाची परंपरागत कथा अशी. फार पूर्वी, काहींच्या मते दोन हजार वर्षांपूर्वी, अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर एक जहाज फुटले. सात पुरुष आणि सात स्त्रिया तेवढ्या वाचल्या. बुडालेल्यांची प्रेते नवगावलाच पुरली. त्या जागेला समाज आजही मानतो, तिथे स्मारक आहे. धर्मग्रंथ समुद्रात गेले. उरले काय, तर शनिवारी काम न करणे, आठव्या दिवशी मुलाची सुंता, खवले आणि पर नसलेला मासा न खाणे, आणि ‘शेमा इस्राएल’ ही एक प्रार्थना. कथेतला इतिहास किती हे अभ्यासकांनी ठरवावे. पुढचा भाग मात्र दप्तरांतून आणि आठवणींतून पक्का दिसतो. अठराव्या शतकापर्यंत हे लोक कुलाबा (आजच्या रायगड) जिल्ह्यातल्या गावोगाव पांगलेले होते आणि त्यांचा मुख्य धंदा तेल गाळण्याचा होता. शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणत.

मराठी त्यांच्यात कशी शिरली हे समजण्यासाठी त्या घाण्याशीच थांबले पाहिजे. तेली एकटा जगू शकत नाही. तीळ आणि खोबरे कुणब्याकडून येणार, घाण्याचा बैल बाजारातून, लाकूडकाम सुताराकडून, तेल विकायचे घरोघरी. एका गावात दोन-चार घरे असलेल्या समाजाला स्वतःची निराळी भाषा टिकवायला जागाच नव्हती. शाळा नव्हती, ग्रंथ नव्हते, आपल्या भाषेत बोलणारा शेजार नव्हता. म्हणून कोणी हुकूम न काढता, कोणी अपमान न करता मराठी त्यांची झाली. गावांची नावे आडनावे झाली : किहीमकर, नवगावकर, रोहेकर, पेणकर, दिवेकर, झिराडकर, आष्टमकर, राजपूरकर. अशी शंभरावर आडनावे आहेत. त्यांची यादी पुढे ठेवली तर कुलाबा जिल्ह्याचा नकाशा काढता येईल.

भाषा किती खोल गेली होती याचा सर्वांत चांगला पुरावा सणांच्या नावांत आहे. हाईम सॅम्युएल किहीमकरांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस समाजाचा इतिहास लिहिला, त्यात ही जुनी नावे त्यांनी नोंदवून ठेवली. वर्षारंभाचा सण तो ‘नव्याचा सण’. त्यानंतर चारच दिवसांनी ‘खिरीचा सण’. प्रायश्चित्ताच्या दिवशी सारे घर दारे लावून उपवासाला बसे, म्हणून तो ‘दारफळणीचा सण’. दुसऱ्या दिवशी दार उघडून शेजारी-पाजाऱ्यांकडे जायचे आणि गोरगरिबांना द्यायचे, तो ‘शिला सण’. पूरीम होळीच्या सुमाराला येतो, त्याला ‘होळीचा सण’ म्हणत. जेरुसलेमचे मंदिर उद्ध्वस्त झाल्याच्या दुःखाचा उपवास सोडताना वालाचे बिरडे केळीच्या पानावर वाढत, म्हणून तो ‘बिरड्याचा रोजा’. पासोव्हरच्या दिवसांत घरातले आंबवलेल्या चटणीचे मडके झाकून ठेवत, त्यावरून ‘अनशी ढाकण्याचा सण’. इजिप्तमधून सुटका, मंदिराचा विध्वंस या मूळ कथा विस्मरणात गेल्या होत्या. तिथी आणि आचार राहिले, आणि त्यांना नावे दिली कोकणातल्या स्वयंपाकघराने. ‘रोजा’ आणि ‘मशीद’ हे शब्द शेजारच्या मुसलमान वस्तीतून आले. नवस फेडायला पोहे, खोबरे आणि साखर यांचा मलिदा करत आणि एलियाहू हन्नाबी या प्रेषिताचे नाव घेत. आजही करतात.

मग हिब्रू परत आली, आणि ती आली मराठीचे बोट धरून. हा भाग मला या सगळ्या इतिहासात सर्वांत विलक्षण वाटतो. परंपरा सांगते की डेव्हिड राहबी नावाच्या एका परदेशी ज्यूने या लोकांना ओळखले, माशांच्या परीक्षेवरून त्यांची खात्री करून घेतली आणि तिघांना धर्मशिक्षण देऊन काजी केले. अठराव्या शतकात कोचीनच्या ज्यूंशी संबंध वाढले. त्याच सुमाराला ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई सैन्यात बेने इस्राएल भरती होऊ लागले आणि त्यातले पुष्कळ सुभेदारीपर्यंत चढले. सॅम्युएल इझिकिएल उर्फ सामाजी हसाजी दिवेकर हे टिपूच्या कैदेतून सुटले, आणि १७९६ मध्ये त्यांनी मुंबईत समाजाचे पहिले प्रार्थनास्थळ बांधले.

पण समाजाला धर्म समजावून सांगणारी पुस्तके यायला मिशनऱ्यांची वाट पाहावी लागली. अमेरिकन मराठी मिशनची माणसे १८१३ मध्ये मुंबईत उतरली. त्यांनी मराठी शाळा काढल्या, त्यांत बेने इस्राएल मुले मोठ्या संख्येने आली आणि शिक्षक म्हणूनही या समाजातली माणसे घेतली गेली. स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन यांनी १८३२ मध्ये हिब्रूचे व्याकरण मराठीतून छापले. मिशनऱ्यांचा हेतू धर्मांतराचा होता, तो त्यांनी लपवलाही नाही. मराठी बायबलमुळे अब्राहाम, मोशे, दावीद यांच्या कथा या घरांना प्रथमच आपल्या भाषेत सलग वाचायला मिळाल्या. धर्मांतर फारसे झाले नाही. उलट आपण कोण याची जाणीव पक्की झाली आणि समाजाने स्वतःचे मुद्रण सुरू केले.

१८४६ मध्ये मुंबईत हग्गादा मराठी भाषांतरासह छापला गेला. पासोव्हरच्या रात्री घरी वाचायचे हे पुस्तक. १८७४ मध्ये पुण्यात शिळाछापावर दुसरा हग्गादा निघाला. त्यातले एक चित्र जगभरच्या ज्यू संग्रहांत प्रसिद्ध आहे : साड्या नेसलेल्या बायका जमिनीवर बसून बेखमिरी भाकरी करताहेत. युरोपातल्या हग्गादांतली चित्रे पाहून चित्रकाराने ओळी आखल्या असतील, पण बायका त्याने पुण्यातल्या काढल्या. मुंबईत जन्मलेल्या जोसेफ इझिकिएल राजपूरकर (१८३४–१९०५) यांनी प्रार्थनेची पुस्तके एकामागून एक मराठीत आणली; ते मुंबई विद्यापीठात हिब्रूचे परीक्षकही होते. १८८० मध्ये ‘कीर्तनोत्तेजक मंडळ’ निघाले. बेंजामिन शिमशोन आष्टमकर आणि त्यांच्या सोबत्यांनी हरिदासी कीर्तनाची सारी रीत उचलली : पूर्वरंग, उत्तररंग, ओवी, अभंग, साकी, दिंडी. चरित्र मात्र अब्राहामाचे, योसेफाचे, मोशेचे. ज्या समाजाला शंभर वर्षांपूर्वी या कथा ठाऊक नव्हत्या, तो आता त्या टाळ-पेटीवर गात होता.

म्हणजे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मराठी ही बेने इस्राएलांची घरची भाषा होती, बाजाराची होती, छापखान्याची होती आणि धर्मशिक्षणाचीही होती. एवढी भक्कम झालेली भाषा पुढच्या साठ-सत्तर वर्षांत मागे का सरकली?

तिच्याखालचा जमिनीचा तुकडा सरकला म्हणून. रस्त्याने पुण्याला जायचे तर मुंबईहून नावेने पनवेल बंदरात उतरायचे आणि पुढे बोरघाटाने वर चढायचे, अशी जुनी वहिवाट होती. १८३० मध्ये घाटातून गाडीरस्ता झाला तेव्हा पनवेलची भरभराट झाली. १८५२ मध्ये इथे नगरपालिका आली. बेथ एल बांधले गेले ते याच बरकतीच्या दिवसांत. पण १८६३ मध्ये आगगाडी कर्जतहून बोरघाट चढली आणि पनवेलचा रस्ता व बंदर दोन्ही बाजूला पडली. रॉकेल आले, गिरण्यांचे तेल आले, गावातला घाणा परवडेनासा झाला. पलटणीत जाण्याची वाटही अरुंद होत गेली. उरली मुंबई : रेल्वे, टपाल, कस्टम, इस्पितळ, सरकारी कचेरी. तिथली चाकरी इंग्रजीवाचून मिळत नव्हती.

इंग्रजीची ही अट आपोआप आलेली नव्हती. १८४० च्या दशकात मुंबईच्या शिक्षण मंडळात उच्च शिक्षण कोणत्या भाषेतून द्यावे यावर मोठा वाद झाला. सर अर्स्किन पेरी इंग्रजीच्या बाजूने होते, जगन्नाथ शंकरशेट देशी भाषांच्या. जगन्नाथ शंकरशेटांचे म्हणणे सरळ होते : लोकांपर्यंत ज्ञान पोचायचे तर ते लोकांच्या भाषेतूनच पोचेल. प्रत्यक्षात खालच्या शाळा मराठीत आणि वरच्या इंग्रजीत अशी पायरी पडली. मराठी चौथी-पाचवीपर्यंत, पगार त्यापुढे. ही पायरी साऱ्या महाराष्ट्राला लागू होती, पण शेतीवाडी नसलेल्या आणि नोकरीवर जगणाऱ्या छोट्या समाजांना ती सर्वांत आधी चढावी लागली.

१८७५ मध्ये किहीमकरांनी मुंबईत इस्राएलाइट स्कूल काढले. मराठी, इंग्रजी आणि हिब्रू तिन्ही भाषा तिथे शिकवल्या जात. पुढे सर एली कदुरी यांच्या देणगीमुळे शाळेला त्यांचे नाव मिळाले. १९०५ च्या मॅट्रिक परीक्षेत पहिल्या आलेल्या रिबेका रूबेन १९२२ ते १९५० एवढा प्रदीर्घ काळ तिच्या मुख्याध्यापिका होत्या. या शाळेतून आणि मुंबईच्या इतर शाळांतून डॉक्टर, वकील, प्राध्यापक, कारकून, परिचारिका निघाल्या. डॉ. ई. मोझेस मुंबईचे महापौर झाले. वरळीचा रस्ता त्यांच्याच नावाचा. समाजाची नियतकालिके सुरुवातीला मराठी होती, मग मराठी-इंग्रजी झाली, आणि हळूहळू इंग्रजी पाने वाढली. कोणी मराठी सोडा म्हणून सांगितले नव्हते. आई मराठीच बोलत होती. मुलगा अर्ज मात्र इंग्रजीत लिहीत होता, आणि त्याचा मुलगा पुस्तकेही इंग्रजीत वाचू लागला.

निसिम इझिकिएल (१९२४–२००४) हे या प्रवासाचे सर्वांत उजळ नाव. वडील विल्सन कॉलेजात वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक. मुलगा स्वतंत्र भारतातल्या इंग्रजी कवितेचा एक आधारस्तंभ झाला. १९८३ मध्ये त्यांना साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. पण वृंदा नाबर यांच्याबरोबर त्यांनी इंदिरा संतांच्या कवितांचे इंग्रजी भाषांतर केले, ते १९७० च्या दशकात प्रसिद्ध झाले. मराठीशी नाते तुटले नव्हते. नवे लिहिण्याची भाषा बदलली होती.

आणि मग १९४८. इस्राएल राष्ट्र स्थापन झाले तेव्हा तिथे साडेसहा लाखांच्या आसपास ज्यू होते. पुढच्या साडेतीन वर्षांत जवळपास तितकेच नवे आले. पोलंड, रुमानिया, इराक, येमेन, मोरोक्को, आणि कोकण. यिडिश, अरबी, लादिनो, फारसी, मराठी अशा भाषा एकाच रांगेत उभ्या होत्या. या देशाने सामाईक भाषा म्हणून जिची निवड केली ती त्याआधी शतकानुशतके कोणाच्याच घरात बोलली गेली नव्हती. एलिएझर बेन येहुदा १८८१ मध्ये जेरुसलेमला गेले, त्यांनी मुलाशी फक्त हिब्रूच बोलायचे ठरवले, शब्दकोश रचायला घेतला. १९१३ मध्ये हैफाच्या तंत्रशिक्षण संस्थेत जर्मनमधून शिकवायचे घाटले, तेव्हा शिक्षक-विद्यार्थ्यांनी संप करून हिब्रूचा हट्ट धरला आणि तो जिंकला. १९२२ मध्ये ब्रिटिश अमलात इंग्रजी व अरबीबरोबर हिब्रूलाही राजभाषेचे स्थान मिळाले. राष्ट्र झाले तोवर हिब्रू शाळा, वर्तमानपत्रे, विद्यापीठ सगळे तयार होते.

नव्याने आलेल्यांसाठी १९४९ मध्ये जेरुसलेमला पहिले ‘उल्पान’ सुरू झाले. प्रौढांनी काही महिने पूर्णवेळ हिब्रू शिकायची, तीही हिब्रूतूनच. १९५१ पासून सोप्या हिब्रूत, स्वरचिन्हांसह छापलेले दैनिक निघू लागले. लष्करात आलेल्या तरुणाला तिथेच भाषा शिकवत. याची दुसरी बाजूही होती. यिडिश ही लाखोंची मातृभाषा, पंतप्रधान बेन गुरियन यांचीही. तरी तिच्या नाटकांवर सुरुवातीची काही वर्षे सरकारी निर्बंध होते. अरबी बोलणाऱ्या ज्यूंना आपली भाषा शत्रूची भाषा म्हणून दडवावी लागली. नावेसुद्धा हिब्रू करून घेण्याचा आग्रह होता.

कोकणातून गेलेल्या माणसांची यात विशेष कुचंबणा झाली. मुंबईत इंग्रजी शिकलेल्याचे तिथे निदान कचेरीत निभावत होते. पनवेल-पेणकडून केवळ मराठी घेऊन गेलेल्या माणसाला दुकान, दवाखाना, शाळा कुठेच तोंड उघडता येत नव्हते. प्रार्थनेतली हिब्रू त्याला पाठ होती, पण तिच्यात पाव मागता येत नाही. काम मिळेना, वर्णावरून भेदभाव होतो असा अनुभव आला. काहींनी आंदोलन केले आणि १९५२ मध्ये शंभराहून अधिक जण भारतात परतले. १९६२ च्या सुमाराला त्याहून जिव्हारी लागणारी गोष्ट घडली : बेने इस्राएलांशी लग्न लावण्यापूर्वी त्यांच्या पूर्वजांची चौकशी करावी, अशा सूचना मुख्य रब्बीपीठाने दिल्या. समाजाने जेरुसलेममध्ये धरणे धरले. ऑगस्ट १९६४ मध्ये क्नेसेटने, म्हणजे तिथल्या संसदेने, बेने इस्राएल हे सर्वार्थाने ज्यू असल्याचा ठराव केला, तेव्हा प्रकरण मिटले. हा लढा मराठी बोलणाऱ्या माणसांनी हिब्रूत लढला. भाषेवर त्यांचा हात केव्हा बसला, हे यावरून कळते.

तोवर मुले बदललीच होती. इस्राएलमध्ये जन्मलेली पिढी आजीचे मराठी समजून घेई आणि उत्तर हिब्रूत देई. १९८० च्या दशकात नोहा मस्सील यांनी ‘मायबोली’ नावाचे मराठी त्रैमासिक तिथे चालवले, मराठी कीर्तने पुन्हा उभी केली गेली, मलिद्याचा विधी टिकला. वाचक मुख्यतः भारतात जन्मलेले होते.

अमेरिकेशी ताडून पाहिले तर उलगडा होतो. तिथे जर्मनांनी शंभरएक वर्षे स्वतःच्या शाळा आणि वर्तमानपत्रे चालवली. पहिल्या महायुद्धात जर्मन संशयास्पद ठरली, अनेक राज्यांनी परक्या भाषेतून शिकवण्यावर बंदी घातली. नेब्रास्काचा असा कायदा सर्वोच्च न्यायालयाने १९२३ मध्ये रद्द केला, पण तोवर शाळा बंद पडल्या होत्या आणि त्या परत उघडल्या नाहीत. एरवी साधारण तीन पिढ्यांत होणारे काम एका पिढीत उरकले. बेने इस्राएलांच्या बाबतीत तेच दिसते. कोकणात राज्य भाषेच्या बाबतीत उदासीन होते, म्हणून शेजाराने शतके घेऊन काम केले. मुंबईत राज्याने पगाराची भाषा ठरवली, म्हणून तीन-चार पिढ्या लागल्या. इस्राएलमध्ये राज्याने शाळा, सैन्य आणि नोकरी तिन्ही एका भाषेला बांधून टाकल्या, म्हणून एक पिढी पुरली. मराठीवरचे प्रेम तिन्ही वेळा तेवढेच होते. घरातल्या प्रेमाने भाषा जगते ही समजूत मला या इतिहासापुढे टिकताना दिसत नाही. मुलाला ज्या भाषेत शाळा आणि पोट दोन्ही मिळते, तीच त्याच्या मुलांना मिळते.

२०१६ मध्ये महाराष्ट्र सरकारने ज्यूंना अल्पसंख्याक दर्जा दिला. आता भारतात त्यांची संख्या काही हजारांवर आहे. मुंबई, ठाणे आणि रायगडात ते विखुरलेले आहेत. पण त्यांनी लिहिलेले मराठी वाङ्मय हे साऱ्या मराठी वाचकांचे आहे, आणि आपल्या वाङ्मयेतिहासांत त्याला मिळालेली जागा फारच थोडी आहे. शिळाछापाची प्रार्थनापुस्तके, कीर्तनांच्या वह्या, बंद पडलेल्या मासिकांचे अंक अजूनही पनवेल, पेण, अलिबाग, ठाणे इथल्या जुन्या घरांत असतील. कोणाच्या माळ्यावर असे काही सापडले तर ते रद्दीत देऊ नका. ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयात किंवा दादरच्या मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयात नेऊन दाखवा, निदान त्याची छायाचित्रे काढून ठेवा. ती वाचू शकणारी माणसे आज आहेत.